गुहेला मारलेला चुना

टेंभरे बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या जमिनीवर उताण्या पडल्या होत्या. मी नवा केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या जिल्हा परिषद शाळांवर देखरेख करणारा. गोरेगाव तालुक्यातल्या त्यांच्या शाळेत तपासणीला गेलो, तर तिसरी-चौथीचा वर्ग रिकामा. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई पोरं घेऊन डोंगरावर गेल्या जी, गुफेत." मी चिडून वर चढलो. आत पोरं उताणी, मधे बाई, साडीचा पदर कमरेला खोचलेला, सगळ्यांची नजर छताकडे. मी खाकरलो. बाई उठल्या नाहीत. म्हणाल्या, "साहेब, उभ्यानं नाही दिसत. निजा."

मी निजलो नाही. पँटला ताजी इस्त्री होती.

छताच्या दगडावर बारीक लाटांसारख्या वळ्या होत्या. बाईंनी आधी पोरांना चोरखमारा तलावाच्या काठी नेऊन, पाणी ओसरल्यावर वाळूवर उरणाऱ्या वळ्या दाखवल्या होत्या. एक पोरगं छताकडे बोट करून म्हणालं, "बाई, हे तं तलावाच्या काठावानी हाय." शेजारचा म्हणाला, "डोंगरावर तलाव कुठून येईल बे, येडा." बाई म्हणाल्या, "येडा कोण ते मंग ठरवू. आधी सांग, दगडावर वळ्या कोणी पाडल्या?" पोरं भांडली, आणि भांडता भांडता त्यांनीच ठरवलं की हा दगड कधीकाळी पाण्याखालची वाळू असणार. बाईंनी होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. हा धडा पुस्तकात असताना इथं कशाला, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "पुस्तकात चित्र हाय जी, दगड नाही."

गुहेच्या मागच्या भिंतीवर लाल रंगाची जुनी चित्रं होती. हरणं, हात धरून उभी असलेली माणसं, आणि अगदी खाली एका लहानशा पंजाचा ठसा. पोरं त्या पंजासमोर आपापला पंजा धरून माप घेत. बाईंचा नियम एकच होता, "हात लावू नका, हात जोडू पण नका. नुसतं पाहा." दिसेल त्या दगडाला शेंदूर फासणाऱ्या आमच्या मुलखात हे सांगायला छाती लागते. गावातले काही जण त्यामुळेच त्यांना 'दगडवाली' म्हणत. त्या उलट म्हणत, "दगडवालीच बरी. डोक्यात शेणवाली तं नाही ना."

बाई या दिवाळीनंतर वारल्या. गोरेगावला शोकसभा झाली. आयुष्यात कधी तो डोंगर न चढलेली माणसं मंचावर बसली होती. एक निवृत्त अधिकारी डोळ्यांना रुमाल लावून म्हणाले, "बाईंच्या हातून ती चित्रं पुसली गेली खरी, पण मनानं त्या निर्मळ होत्या." म्हणजे न केलेल्या गुन्ह्याची मेल्यावर माफी. सभेनं माना डोलावल्या. पहिल्या रांगेत मीही डोलावली. कुडव्याला घरी आलो आणि जेवण गेलं नाही. म्हणून हे लिहितो आहे.

वीसेक वर्षांपूर्वी झालं ते असं. जिल्ह्याच्या एका मोठ्या साहेबांना चित्रांची कुणकुण लागली. ते फोटोवाला घेऊन येणार असं कळलं. आमच्या खात्यात पाहुणा येणार म्हटलं की भिंतीला चुना, त्यावर गेरूचा पट्टा, उंबऱ्याशी रांगोळी. त्यापलीकडे आमची अक्कल कधी गेली नाही. मी मुख्याध्यापकांना म्हणालो, "गुहा स्वच्छ करून ठेवा." त्यांनी विचारलं, "किती स्वच्छ जी?" मी म्हणालो, "शाळेसारखी." एवढं बोलून मी मोटरसायकलला किक मारली. बाई तेव्हा प्रशिक्षणाला गोंदियाला होत्या. ग्रामपंचायतीच्या माणसानं इमानेइतबारे मागच्या भिंतीला पार छतापर्यंत चुना मारला, खाली गेरूचा पट्टा ओढला आणि वर निळ्या रंगात 'सुस्वागतम्' लिहिलं.

साहेब आले. प्रसन्न झाले. "वा, काय स्वच्छता ठेवली आहे. आता चित्रं कुठं आहेत?" मुख्याध्यापक माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "साहेब, इथं मुलांना टेंभरे बाई आणतात. गुहेचं सगळं त्याच बघतात."

बस, एवढंच. खोटं असं त्यात काहीच नव्हतं, आणि खरंही काही नव्हतं. चित्रं पुसल्याची चौकशी बाईंवर बसली. त्यात त्या म्हणाल्या, "मी फळा पुसते जी, डोंगर नाही पुसत." हे उत्तर उद्धटपणाचं ठरवलं गेलं. मी आणि मुख्याध्यापक, दोघंही गप्प. बाईंची बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला झाली.

जाण्याआधी त्यांनी पोरांना शेवटचं गुहेत नेलं. थांबवायला मी मागोमाग गेलो. बाई म्हणाल्या, "आलेच आहात तं बसा जी." पोरं पांढऱ्या भिंतीसमोर बसली होती.

"काय दिसते?" बाईंनी विचारलं.

"चुना."

"कोणी मारला?"

एक चौथीतली मुलगी, दोन वेण्यांची, माझ्याकडे बघत म्हणाली, "बाबा म्हणते, साहेबानंच मारायले सांगतलन." गावात सगळ्यांना माहीत होतं तर.

"कायले सांगतलन?" बाईंनी विचारलं.

पोरं माझ्याकडे वळली. बाई म्हणाल्या, "चित्रं काढणारे मरून गेले, त्यायले आपल्याले विचारता नाही आलं. चुन्यावाले जिते हायेत. जा, विचारून घ्या."

ती मुलगी उठून माझ्यासमोर उभी राहिली. तिच्या आवाजात राग नव्हता, तिला नुसतं जाणून घ्यायचं होतं. "काऊन जी, साहेब?"

मी घड्याळ बघितलं, गोरेगावला मीटिंग आहे म्हणालो आणि उतरलो.

ती मुलगी आता कुठं असते मला ठाऊक नाही. लग्न होऊन तिची पोरं शाळेत जात असतील. तिच्यापर्यंत हे पोचलं तर उत्तर एवढंच आहे. मला ती चित्रं भिंतीवरची घाण वाटली होती. मी ती एकदाही नीट पाहिली नव्हती.