बुरुलचाने न चढवलेला बावटा

बालिकचीच्या धक्क्यावर वादळाच्या इशाऱ्याचा लाल बावटा चढवायचा की नाही, हे एकवीस वर्षं बुरुलचाच ठरवत आली. इसिक-कुल सरोवराच्या पश्चिमेला, बूम घळीच्या तोंडाशी राखाडी ढगांची भिंत उभी राहिली, हवा थबकली आणि कुरव पक्षी काठावर येऊन बसले, की घटकाभरात उलान वारा सुटतो. मग ते गार, खारं पाणी बोटींवर दगडासारखं आदळतं. ही लक्षणं तिला वडिलांनी शिकवली होती.

त्या सप्टेंबरात मात्र तिचा बावटा तीनदा खोटा ठरला. वारा डोंगरातच जिरला आणि नावाड्यांचे दिवस फुकट गेले. सगळ्यांत जास्त बोलायचा सागिन, तिची धाकटी बहीण कुन्दुझ हिचा नवरा.

"एजे, शिंक आली तरी बावटा चढवतेस का गं?" एजे म्हणजे थोरली बहीण, पण त्याच्या तोंडी ती शिवी वाटायची. एकदा त्याने तो बावटा गाढवाच्या शेपटीला बांधून धक्काभर फिरवला. लोक पोट धरून हसले. बुरुलचाही हसली. घरी जाऊन ती जेवली नाही.

चार दिवसांनी सागिन एकटाच बोट काढत होता.

"काय हवामानवाल्या बाई, जाऊ ना?"

घळीवर भिंत उभी होती. कुरव काठावर होते. बुरुलचाने ते पाहिलं, आणि म्हणाली, "जा की. छान दिवस आहे."

भिजून, घाबरून परत येईल, तोंड बंद होईल, एवढंच तिच्या मनात होतं. पण धक्क्यापासून दूर, काठाच्या पुढच्या टोकाशी धुरावलेल्या माशांच्या पेट्या घेऊन कुन्दुझ उभी होती. ती बोटीत चढली.

उलान सुटला आणि बोट उलटली. सागिन पेट्रोलच्या रिकाम्या डब्याला धरून काठाला लागला. कुन्दुझ तिसऱ्या दिवशी सापडली.

तिच्या मृत्यूनंतर चाळिसाव्या दिवशीच्या जेवणात कुणीतरी बुरुलचाकडे बोट दाखवलं. सागिनच उठून उभा राहिला. "एजेला बोल लावू नका. वाऱ्याने तिलाही फसवलं."

दुसऱ्या दिवशी तिने त्याला धक्क्यावर गाठलं. "फसवलं नाही, सागिन. मी ढग पाहिला होता."

तो जाळ्याची गाठ सोडवत म्हणाला, "त्या टोकावर मी जीवरक्षक जाकिटं उतरवून ठेवली. पेट्यांना जागा हवी होती. ती 'राहू दे ना एक' म्हणत होती. मी हसलो तिला."

दोघांनीही कुणाला काही सांगितलं नाही. पुन्हा एकमेकांशी बोललेही नाहीत. वाटेत समोरासमोर आले, तर एक जण रस्ता बदलायचा. कुन्दुझच्या चांदीच्या बांगड्या कुणी ठेवायच्या यावरून दोघांचं बिनसलं, असं गाव अजून समजतं.