वरातीतला ट्रॉम्बोन

लढाई संपली, गोरे शिपाई नगरच्या छावणीतून मायदेशी गेले आणि माझं जॅझही त्यांच्याबरोबर गेलं. लढाईच्या काळात त्यांच्या क्लबातल्या नाचाच्या बँडमध्ये मी ट्रॉम्बोन वाजवत असे. ट्रम्पेटवाला मूळ चाल धरून ठेवी आणि मी तिच्या खालून, आजूबाजूने मनाला येईल तसा फिरून परत येई. या फिरण्यासाठीच तर मी हे वाद्य धरलं होतं.

पुढे पोटासाठी लग्नाच्या बँडात शिरलो. ट्रॉम्बोनची सरकती नळी पुढच्याच्या पाठीत लागू नये म्हणून मला पहिल्या रांगेत चालवत. लोकांना वाटे, हाच मोठा कलावंत. कसला कलावंत! बारा जणांनी मिळून एकच चाल वाजवायची, तीही कानठळ्या बसतील अशी. शेवगावच्या एका वरातीत मला राहवलं नाही, मी जरा चाल सोडून फिरलो. बँडच्या मालकांनी अख्खी वरात थांबवली.

"चाल सोडायची न्हाई," ते सगळ्या वऱ्हाडासमोर म्हणाले. "लोकं म्हनतील, ह्याला गानंच येत न्हाई."

नवरदेव घोड्यावर बसून हसत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण चाल धरून पुढे वाजवत राहिलो. तसाच तीन लगीनसराया राहिलो.

मग क्लबातल्या जुन्या क्लॅरिनेटवाल्याचं पत्र आलं. तो मुंबईच्या एका हॉटेलात जॅझ वाजवत होता आणि तिथे ट्रॉम्बोनची जागा रिकामी होती. मी मालकांना ताप आल्याचं सांगून मुंबई गाठली. ही जागा मिळाली की पुन्हा वरातीचं तोंड बघायचं नाही, असं ठरवूनच गेलो होतो.

तिथला बँडप्रमुख स्वतः ट्रम्पेट वाजवायचा. त्याने एक चाल धरली, मीही सुरू झालो. सूर स्वच्छ लागले, दम टिकला, मी खूश होतो. त्याने मध्येच ट्रम्पेट खाली घेतला.

"सूर पक्का आहे तुमचा," तो म्हणाला. "पण हे तर मीच वाजवतोय. तुम्ही तुमचं वाजवा."

पुन्हा सुरुवात केली. हात पुन्हा त्याच्याच चालीवर गेला. स्वतःचाच संताप आला. तिसऱ्यांदा त्याने शांतपणे चाल धरली. मी ट्रॉम्बोन तोंडाला लावून नुसता उभा राहिलो. चाल सोडून कुठे जायचं असतं, तेच मला आठवेना.