पाच नंबरचं चित्र

आधीच सांगून टाकते, मी असल्या चमत्काराच्या गोष्टी ऐकून हसणाऱ्यांपैकी आहे. मास्टर्सला येण्याआधी इथेच बंगळुरात, एचएसआर लेआउटमध्ये सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचे. काही विचित्र दिसलं की कुठेतरी कुणीतरी चूक केलेली असते, शोधली की सापडते — यावर माझी श्रद्धा. गंमत म्हणजे इथेही चूक सापडली. माझीच होती. पण तिने काहीच सुटलं नाही...

नोकरी सोडून अ‍ॅनिमेशन शिकायला निघाले तेव्हा नागपुरात आईने कपाळाला हात लावला होता. त्यात पहिल्या सेमिस्टरला कॉम्प्युटर जवळपास नाहीच! कागद, पेन्सिल आणि खालून उजेड येणारं काचेचं टेबल. माणूस चालताना दाखवायचा तर आधी पाऊल टाकल्याची टोकाची चित्रं काढायची, मग त्यांच्यामधली. कागदांना एकाआड एक नंबर द्यायचे — एक, तीन, पाच, सात. पाच नंबर सगळ्यात महत्त्वाचं. एक पाय दुसऱ्याच्या जवळून पुढे जातो ते चित्र. ते नसेल तर माणूस चालत नाही, उडी मारल्यासारखा पुढे आदळतो.

"ओळखीच्या माणसाची चाल काढा," असं सरांनी सांगितलं होतं. मी राजाजीनगरला एका अक्कांकडे पेइंग गेस्ट राहते. मूळच्या मराठी, पण तीन पिढ्या इथेच. त्यांनी ऐकलं आणि भिंतीवरचा नवऱ्याचा फोटो काढून माझ्या हातात दिला.

"ह्यांना चालवशील काय ग? स्वल्प बघायचंय. हल्ली चाल आठवेनाशी झालीय मला."

काकांचा चालतानाचा एकही व्हिडिओ नव्हता. मग अक्का सांगायच्या आणि मी काढायचे. हात पाठीमागे बांधलेले, छाती पुढे, भरभर पावलं. "आणि मान सरळ ठेव. खांबासारखी! चामराजपेटला माहेरी जायचं तर हे पुढं, मी मागं. जन्मभर ह्यांच्या पाठीमागं धावले, एकदा वळून बघितलं नाही ह्या माणसानं. बायको येतीय की बसखाली गेली, काय पडलेलं नव्हतं." हे त्या हसत सांगायच्या, पण रोज सांगायच्या. नंतर नंतर मला ते हसणं ऐकवेना.

चित्रं झाली. एका दुपारी कॅमेऱ्याखाली सगळे कागद ठेवून फोटो घेतले आणि ओळीने चालवून बघितले. काका चालायला लागले... खरंच चालायला लागले हो! मी खुर्चीत पाय वर घेऊन नुसती बघत बसले. बाहेर ऊन होतं, पंखा हळू फिरत होता आणि कागदावरचा तो माणूस मजेत चालला होता.

शेजारच्या टेबलावरून दिव्या डोकावली. "अरे वा! वो पीछे मुड़के देखता है, कितना प्यारा है!"

मागे? मी मान वळवलीच नव्हती. पण पुन्हा बघितलं तर — पाय पायाजवळून जाताना काका हलकेच मान वळवून मागे बघत होते. क्षणभरच. मग पुन्हा खांब.

एकेक फ्रेम थांबवून पाहिली. प्रत्येकात मान सरळ. आणि तीनच्या पुढे थेट सात! पाच नंबरचं चित्र बिघडलं म्हणून मी फाडून टाकलं होतं आणि दसऱ्याच्या सुट्टीत पुन्हा काढायचं साफ विसरले होते.

सरांना दाखवलं. ते म्हणाले, दोन चित्रांमधली रिकामी जागा डोळा आपोआप भरतो, अ‍ॅनिमेशन त्याच्यावरच तर चालतं. मला हायसं वाटलं. मग जाता जाता म्हणाले, "ती मान वळवलीस ते छान. पण मधलं चित्र काढून दे, नाहीतर मार्क जातील."

म्हणजे त्यांनाही दिसलं होतं.

घरी अक्कांना काही न सांगता लॅपटॉप समोर ठेवला. त्या चष्मा पुसून बघायला लागल्या.

"हे कुणाकडं बघतायत ग?"

"मागे कोण असायचं, अक्का?"

"मागं... मागं मीच की ग." त्या स्क्रीनच्या अगदी जवळ गेल्या. "अय्यो. माझ्या दोन्ही हातांत पिशव्या. लुगडं पायात यायचं. मी खाली बघून चालायची... मला कसं दिसणार होतं?"

त्या रडायला लागल्या आणि मलाही रडू आवरेना.

पुढे सबमिशनसाठी मी पाच नंबर काढला. मान वळलेलीच काढली. चाल गुळगुळीत झाली, पण काका त्यात नव्हते. घाबरून तो कागद बाजूला ठेवून पुन्हा चालवलं, तर नियमाप्रमाणे माणूस आदळायला लागला. ती जुनी फाइलही तशीच झाली होती, आदळणारी. मला इतकं वाईट वाटलं की अक्कांना सांगायला दोन दिवस धीर होईना. सांगितलं तर म्हणाल्या, "सरी, असू दे. मला दिसलं तेवढं पुरे."

मान, डोळा, मेंदू — बरंच वाचून काढलं मी. रिकामी जागा भरते हे पटतं. पण मी, दिव्या, सर आणि अक्का, चौघांनी ती एकाच नजरेने कशी भरली, हे कुठेच सापडलं नाही. कुणाला ठाऊक असेल तर जरूर लिहा.

परवा अक्कांबरोबर भाजीला गेले. पिशव्या माझ्याकडे होत्या, म्हणून मी पुढे होते. अक्का मागे राहिल्या असं वाटून वळून पाहिलं. त्या मान वर करून येत होत्या. नजर मात्र माझ्यावर नव्हती, माझ्या खांद्यावरून पुढे, मोकळ्या फुटपाथवर होती.

"बघितलं हो," त्या म्हणाल्या. "चला तुम्ही, येतेय मी."