धुतलेल्या मातीचा घट

गोटीरामने तरुणपणी नाटक कंपनीत रंगपटात काम केले. प्रयोग संपला की खोबरेल तेल चोळून तो महाराजांचा रंग उतरवी, आणि खाली निघे एक बिडी मागणारा कारकून. म्हातारपणी तो मातीचा रंग उतरवू लागला. नाशिकच्या एका बंद कारखान्याची जमीन वर्षानुवर्षे काळे तेल प्यायली होती. ती माती पिंपात तेल विरघळवणाऱ्या सॉल्व्हंटने घुसळायची, तेल त्यात उतरले की निथळायची आणि वाफेने सुकवायची. खाली पिवळसर, भुसभुशीत माती. गोटीरामला ती इतकी आवडली, की घटस्थापनेला त्याने पाटीभर घरी आणली.

"बाजारातल्या मातीत कोण काय करून जातं कुणास ठाऊक," तो बायकोला, भागीबाईला म्हणाला. "ही अंघोळ करून आलीय."

इंदिरानगरच्या त्या गल्लीत भागीबाईचा घट दरवर्षी सगळ्यात उंच. यंदा चौथी माळ चढली, तरी टोपलीत कोंब नाही. आरतीला आलेल्या बायका देवीकडे कमी आणि टोपलीकडे जास्त बघू लागल्या. भागीबाई नवऱ्याशी बोलेनाशी झाली.

गोटीरामने साइटवरच्या इंजिनीअर मृण्मयीला फोन लावला.

"काका, आधीच सांगितलं होतं, ही माती कुठे नेऊ नका," ती म्हणाली. "तेलाबरोबर तिच्यातलं जे जिवंत असतं तेही मेलं. आता शेणखत घालून महिनोन् महिने मुरवायची."

"देवीपुढे शेणखत?"

भागीबाईने सगळे ऐकले होते. "देवीला शेणाचं वावडं नाही," ती म्हणाली. "तुमच्या बढाया मात्र तिला सोसवेनात." कुंडीतले खत पाण्यात कालवून तिने टोपलीत ओतले. देवघरात जो काही दरवळ सुटला, त्यात उदबत्तीने हार मानली. पुढच्या आरतीला बायकांनी पदर नाकाला लावले. देवीने बिचारीने निमूट सोसले.

दसऱ्याला गोटीरामने टोपीत घटाचा तुरा खोवला. तुरा कसला, बोटभर फिकट कोंब, तेही मोजकेच. सोनं द्यायला आलेला शेजारचा शेखर टोपीकडे बघत राहिला.

"गोटीरामभाऊ, यंदा घट बसल्या जागी झोपला का काय?"

गोटीरामने टोपी नीट केली. आतून भागीबाई खुदकन हसल्याचे त्याला ऐकू आले. नवव्या माळेपर्यंत ती हसली नव्हती.

"मेलेली माती आत्ता कुठे उठून बसलीय," तो म्हणाला. "लगेच नाचवता का तिला?"