नवरदेवाच्या हातातली सुरी

बमरोलीच्या नाक्यावर माझी भाजीची लारी, म्हणजे हातगाडी, होती तेव्हाची ही गोष्ट. चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या साली सगळे गावाला पळाले, पण मी लारी सोडली नाही आणि माझ्या शेजारी सुकलाल लोहारानं भट्टी सोडली नाही. आम्ही दोघंही खान्देशातले, तो शिरपूरकडचा, मी अमळनेरची. पुढच्या वर्षी सुकलालला लकवा मारला. उजवा हात लुळा पडला, जीभही जड झाली. बायको तर कधीच देवाघरी गेलेली. लोक म्हणाले, झालं, भट्टी बंद. मेल्यांना दुसऱ्याची भट्टी बंद करायची भारी घाई! आठवडाभरात भट्टी पेटली. ऐरणीवर त्याची पोरगी सोनाली उभी होती.

सोनाली म्हणजे काडी. अंगावर मांस नाही, पण हातोडा उचलला की बघत राहावं. ट्रकच्या कमानीचा जुना पाटा तापवायची, ठोकायची, पाणी द्यायची आणि त्यातून सुरी काढायची. ती सुरीही तिच्यासारखीच. काळपट पातं, फक्त धारेकडे चमक, बाभळीची मूठ. नक्षी नाही, पॉलिश नाही, काही नाही. बाजारात तेव्हा लाल-हिरव्या मुठींच्या, मोर कोरलेल्या, आरशासारख्या चमकणाऱ्या सुऱ्या आल्या होत्या. गिऱ्हाईक तिकडे वळायला लागलं तसा माझाच जीव खालीवर.

"अगं, मुठीवर एखादं फूल तरी काढ," मी म्हटलं.

"मावशी, दिवसभर सुरी चालवशील तेव्हा ते फूल तुझ्याच तळहातात रुतंल. माले नको ते," ती म्हणाली आणि परत ठोकायला लागली.

मला राग आला. मला राग यायला वेळ लागतच नाही. मी मुद्दाम बाजारातून मोराची सुरी आणली. लाल भोपळ्यात घातली, तर पातं भोपळ्यात आणि मोर माझ्या हातात! सोनाली हसली नाही. गुपचूप आपली एक सुरी लारीवर ठेवून गेली. ती हातात घेतली आणि काय सांगू, मूठ अशी बसली की आपण काही धरलंय हेच विसरायला होतं. मग नजरही तिच्यावरच जायची. गिऱ्हाईक नसलं की मी उगाच ती पुसत बसायची.

तर अशा पोरीला पलसाण्याहून स्थळ आलं. मुलगा ललित, कापड रंगवायच्या कारखान्यात कामाला. बाप नव्हता, मामा बन्सीलालनं वाढवलेला. बघायला आले तेव्हा सोनालीनं पोहे दिले आणि एकच गोष्ट सांगितली, "लग्नानंतर माझी ऐरण माझ्यासंग येईल. बापूलाही तिच्यावरच पोसायचंय आणि मलाही तेच काम येतं." ललित लगेच हो म्हणाला. मामा म्हणाला, "पाहू." हे 'पाहू' मला तेव्हाच खटकलं होतं.

आमच्यात हळद लागली की नवरदेवाच्या हातात सुरी देतात, टोकाला लिंबू खोचून. लग्न लागेपर्यंत ती हातातून सुटत नाही. सोनालीनं ललितसाठी ती सुरी स्वतः घडवली, बापानं आजारपणाआधी जपून ठेवलेल्या शेवटच्या पाट्यातून. हळदीच्या दिवशी धुतलेल्या फडक्यात गुंडाळून मी स्वतः ती वऱ्हाड उतरलं होतं त्या जानवशाच्या घरी घेऊन गेले.

बन्सीलालनं फडकं उघडलं आणि हसला. "ही? हिच्यानं कांदे कापा." पेटीतून त्यानं मखमली म्यानाची कट्यार काढली, मुठीवर लाल-निळे खडे, पात्यावर सोनेरी वाघ. "नवरदेवाला हे शोभतं. आणि सोनालीला सांगा, ते ऐरणीचं खूळ इथंच सोडायचं. उद्या भंगारवाला येतोय, मी बोललोय त्याच्याशी." ललित मान खाली घालून उभा. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण लग्नघर होतं, गिळलं सगळं.

सुरी घेऊन परत आले आणि सोनालीला सांगितलं. वाटलं, रडेल. तिनं सुरीला तेलाचा हात लावला आणि म्हणाली, "ऐरण कुठंच जाणार नाही. गेली तर माझ्यासंग जाईल."

दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी वरात मंडपाच्या दारात आली. बँड जोरात, मामाचा फेटा त्याहून जोरात. आणि तेवढ्यात कट्यारीवरचं लिंबू पडलं. एकदम बँड थांबला. बायकांनी तोंडाला पदर लावले. दुसरं लिंबू आणलं, खोचलं, ते फाटलंच. त्या कट्यारीला टोक कुठं होतं? चमच्याच्या दांड्यासारखं बोथट! तिसरं तर खोचतानाच घरंगळत बँडवाल्याच्या पायाशी गेलं. "अपशकुन झाला गं बाई," म्हणून ललितच्या आईनं कपाळाला हात लावला.

मंडपातून सोनाली बाहेर आली. हळदीची पिवळी साडी, मुंडावळ्या आणि हातात तीच काळपट सुरी. नवरी अशी दारात येते का?

"लिंबू हिच्यावर बसंल," ती मामाकडे बघून म्हणाली. "पण ही ज्या ऐरणीवर घडली ती माझ्यासंग येईल. 'पाहू' नको. आत्ता, सगळ्यांसमोर सांगा. नाहीतर वरात मागं फिरवा."

सुकलाल मंडपात खुर्चीवर बसून बघत होता. मामा नुसता फेटा सावरत राहिला. तेवढ्यात ललितनं खड्यांची कट्यार मामाच्या हातात ठेवली, पुढं झाला आणि सोनालीची सुरी घेतली. "येईल," तो म्हणाला. "मी स्वतः उचलून नेईन." त्यानं लिंबू खोचलं. ते सुरीवर असं बसलं की अक्षता पडेपर्यंत हललं नाही. मला इतकं भरून आलं की मी बँडवाल्यावरच ओरडले, "मेल्या, वाजव की आता!"

संध्याकाळी टेम्पोत कपाट, पलंग चढायच्या आधी ललितनं आणि त्याच्या दोन मित्रांनी ऐरण चढवली. भंगारवाला आला होता, तो बघून परत गेला.

आईविना पोर, म्हणून पाठवणीची ओटी मी भरली. पदरात गहू घातले, नारळ घातला, खण घातला. मग सुकलाल खुर्चीवरून उठला. कुणी धरायला गेलं तर त्याला झिडकारलं. डाव्या हातानं त्यानं शर्टाखाली कमरेला खोचलेला आपला हातोडा काढला आणि लेकीच्या ओटीत नारळाशेजारी ठेवला. नुसती मान हलवत राहिला. वजनानं पदर खाली ओढला गेला, तसा सोनालीनं तो दोन्ही हातांनी घट्ट धरला.