आमच्या मागीलदारी समुद्र आला होता

हसू नका म्हटलं तरी तुम्ही हसणारच, तेव्हा चहाचा कप आधी खाली ठेवा. माझी पुरती शोभा झाली हो! आणि तीही कुठे? घरच्या संडासाच्या खड्ड्यात!

दोन हजार एक-दोनचा सुमार. मी पुण्यात एम.एस्सी. करत होतो. आमचे सर जुन्या काळचं हवामान शोधणारे. चिखलाचे थर, झाडांची वलयं, शिंपल्या बघून हजारो वर्षांपूर्वी पाऊस किती आणि समुद्र कुठवर, ते सांगायचे. वर एक ठरलेलं वाक्य: "निसर्गाची नोंद आणि माणसाची साक्ष, दोन्ही जुळल्या तरच मी मानतो."

संशोधनाला ते एकच विद्यार्थी घेणार होते. मी देव पाण्यात घालून बसलो होतो! बारावीनंतरचं एक वर्ष कुठे गेलं, असं त्यांनी विचारलं तेव्हा "टायफॉइड" म्हणून वेळही मारून नेली होती.

मे महिन्यात रत्नागिरीला घरी आलो. भाट्याच्या खाडीवर, टेकाडावर आमचं घर. ताईच्या साखरपुड्याआधी मागीलदारी नवा संडास बांधायचा म्हणून खड्डा खणत होते. डोकावतो तर काय! लाल मातीत शिंपल्यांचे पांढरे थर, त्यातला एक तर चांगला वीतभर जाड!

"काम बंद!" मी ओरडलो. "इथे समुद्र होता!"

"मेल्या, समुद्र खाली आहे," बाबा म्हणाले. "परवा पाव्हणे येतायत. त्यांना काय समुद्रावर धाडू?"

विज्ञानापुढे पाहुणे म्हणजे काय हो? त्या मातीत एक निळं प्लॅस्टिकचं बटण निघालं. ते वरून पडलं असणार म्हणून मी भिरकावून दिलं आणि धावत एसटीडी बूथ गाठून सरांना फोन लावला. सर रात्रीची एसटी धरून सकाळी हजर!

सर भिंग घेऊन खड्ड्यात उतरले. मी काठावरून भाषण ठोकतोय, "सर, हा जाड थर बघा. तेव्हा समुद्र एकदम चढला असणार!"

तेवढ्यात स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि खळ्ळकन पातेलंभर शिंपल्या सरांच्या डोक्यावर!

आईनं सरांसाठी तिसऱ्यांची एकशिपी करायला घेतली होती. एकशिपी म्हणजे खाडीतल्या तिसरीची मांस चिकटलेली एक शिंपली ठेवायची, दुसरी रिकामी टाकायची. ती कुठे टाकतात, हे मी जन्मात कधी बघितलं होतं? मला फक्त ताट माहीत!

आई धावत बाहेर आली. "अगो बाई! सर, तुम्ही खाली आहात होय? आम्ही इथंच टाकतो हो, सासूबाईंपासून."

सरांनी केसांतली शिंपली काढली आणि जाड थरावर बोट ठेवलं. "हा एवढा जाड कसा?"

मी डोळ्यांनी खुणावतोय, पण आई कुठली बघतेय!

"तो होय? हा बारावीला नापास होऊन घरात बसलेला ना, तेव्हाचा. ओहोटी लागली की पाटी घेऊन खाडीत! वर्षभर पुस्तकाला हात नाही, नुसत्या तिसऱ्या!"

सर माझ्याकडे वळले. "निसर्गाची नोंद आणि माणसाची साक्ष, दोन्ही जुळल्या. टायफॉइडचा थर मात्र कुठे दिसत नाही."

ती जागा सरांनी दुसऱ्याला दिली. मला बाबांनी फावडं दिलं.