पंपशेडमागच्या तीन सायकली

त्या प्रकरणाची फाईल केव्हाच बंद झाली, पण त्या दुपारचे चार तास अजून माझ्या अंगातून गेलेले नाहीत.

मी तेव्हा तंजावूर जिल्ह्यात ओरत्तनाडूजवळच्या एका ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. चहूकडे भातशेती, मधून कालवे, कडेला नारळाची झाडं. गुन्हे म्हणजे बहुतेक बांधावरची भांडणं आणि मोपेडचोऱ्या. या प्रकरणाच्या आदल्या दिवशी सार्वजनिक सुट्टी होती, त्यामुळे सरकारी दारूची दुकानंही बंद होती. अशा दिवशी ठाण्याला जरा उसंत मिळते.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास सरकारी रुग्णालयातून वर्दी आली. अकरावीतल्या एका मुलाला त्याची आई रिक्षातून घेऊन आली होती. उलट्या, पोटात कळा आणि डोळ्यांपुढे पांढरं धुकं. मी गेलो तेव्हा डॉक्टरबाई वॉर्डाच्या दारातच उभ्या होत्या.

"सार, हे अन्नातून झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "हा काहीतरी विषारी स्पिरिट प्यायला आहे. हे विष सावकाश चढतं. आधी माणसाला नुसता थकवा वाटतो, मग डोळे जातात, मग जीव. याच्याबरोबर आणखी कोणी प्यायलं असेल तर आजच्या आज इथे आणा. संध्याकाळी आणून उपयोग होईलच असं नाही."

मुलगा एकच वाक्य धरून बसला होता. "मी एकटाच होतो, सार. रस्त्यात बाटली सापडली."

पंचवीस वर्षांच्या नोकरीनंतर एक गोष्ट मला पक्की माहीत होती. सोळा वर्षांचा मुलगा पहिल्यांदा एकटा पीत नाही. पण माहीत असणं वेगळं आणि नावं मिळणं वेगळं. मी शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी बसायला खुर्ची दिली, कॉफी मागवली आणि सांगितलं, "आमच्या मुलांत असला प्रकार नाही." हजेरी मागितली. अकरावीची बावीस मुलं गैरहजर होती. सुट्टीला जोडून सुट्टी घ्यायची पद्धतच तशी. बावीस घरं पाच-सहा गावांत पसरलेली, आणि आमच्याकडे एक जीप. दोन हवालदारांना मोटारसायकलवर पाठवलं आणि शाळेजवळच्या घरांपासून सुरुवात करायला सांगितलं.

साडेबाराला ठाण्यातून रायटरचा, म्हणजे नोंदी लिहिणाऱ्या हवालदाराचा, फोन आला. एका बाईने नाव न सांगता कळवलं होतं: "काल चारच्या सुमाराला कालव्यापलीकडच्या पंपशेडमागे तीन सायकली होत्या. एक नव्हती, तीन." एवढं बोलून तिने फोन ठेवला. ती कोण होती ते पुढे मला कळलं, पण मी ते कुठल्याही कागदावर येऊ दिलं नाही. इथेही लिहिणार नाही.

म्हणजे आणखी दोन मुलं होती. पिऊन वीस तास उलटून गेले होते.

पंपशेडमागे मिळालेल्या वस्तूंचा पंचनामा केला: शीतपेयाची रिकामी मोठी बाटली, तीन कागदी पेले, शेंगांची टरफलं. मी परत रुग्णालयात आलो. अल्पवयीन मुलाकडे चौकशी करायची तर गणवेश नको, पालक समोर हवा. मी रायटरचा साधा शर्ट मागून घेतला आणि एका महिला कॉन्स्टेबलला सोबत घेऊन खाटेजवळ स्टुलावर बसलो.

"तीन पेले मिळाले आहेत," मी तमिळमध्ये म्हणालो. "बाकीचे दोघं कोण?"

त्याने मान माझ्याकडे वळवली. माझा आवाज कुठून येतो ते शोधत असल्यासारखा बघत होता. आई खाटेच्या कडेला बसली होती. पंधरा मिनिटं गेली. मी समजावलं, जरा आवाज चढवला, परत समजावलं. उपयोग शून्य. मग मुलगा आईकडे वळला आणि हळूच बोलला.

"अम्मा, त्या दोघांसही असंच दिसेनासं झालं असंल तर?"

"गप बैस," आई तशीच हळू म्हणाली. "दोघांची नावं सांगितलीस की पुढं मामाचं नाव निघते. मामास नेतील. ह्यांस आपली भाषा कळत नाही, तू डोळे मिटून पड."

दोघं मराठीत बोलत होते. तीनशे वर्षांपूर्वी आमचे पूर्वज तंजावूरला घेऊन आले ती मराठी, माझ्या घरात बोलतात ती. माझं नाव तमिळ, बोलणं तमिळ, रंग सावळा. त्या बाईला संशय येण्याचं कारणच नव्हतं.

खरं सांगायचं तर मी क्षणभर गप्प बसलो. गप्प राहिलो तर ती आणखी बोलेल, मामाचं नावगाव सगळं मिळेल, हा पोलिसाचा हिशेब आपोआप डोक्यात झाला. पण घड्याळात दीड वाजायला आला होता.

"अक्का," मी म्हणालो, "तुमचं बोलणं मजला कळते."

तिने पदर तोंडावर धरला. मुलाने मात्र आवाजाच्या दिशेने हात पुढे केला, माझं मनगट पकडलं आणि विचारलं, "त्यांस मारणार नाहीत ना? शाळेतून काढणार नाहीत ना?"

"कोणाही पोरावर केस होणार नाही. शाळेत कळणार नाही. मी शब्द देतो. नावं सांग."

असा शब्द द्यायचा मला अधिकार नव्हता. वरिष्ठांना विचारायला वेळही नव्हता.

त्याने नावं सांगितली. एक मुलगा शेजारच्याच गावात राहत होता. दुसरा दुपारच्या बसने तिरुचिरापल्लीला बहिणीकडे निघाला होता. बसचा मार्ग काढला आणि पुढच्या ठाण्याला वायरलेसवरून संदेश दिला. त्यांनी बस रस्त्यात अडवली. मुलगा मागच्या बाकावर डोकं खिडकीला टेकवून बसला होता. कंडक्टरला वाटलं, गाडी लागली असेल.

शेजारच्या गावी मी स्वतः गेलो. वडील अंगणात सायकल पुसत होते.

"मुलगा कुठे आहे?"

"झोपलाय, सार. काल दिवसभर खेळला, दमलाय. उठवलं नाही."

आत चटईवर तो झोपला होता. श्वास जोरजोरात चालू होता. मी हाक मारली, गालावर चापट मारली. त्याने डोळे उघडले, पण ते कुठेच बघत नव्हते. वडिलांनी आणि मी त्याला उचलून जीपमध्ये घातलं. वाटेत वडील सारखे म्हणत होते, "झोपू दिलं मी. झोपू दिलं."

चार वाजेपर्यंत तिघंही डॉक्टरांच्या हाती होते. तिघांना तंजावूरला हलवलं, डायलिसिस झालं. तिघंही वाचले. बसमधला मुलगा पूर्ण बरा झाला. पहिल्याची नजर बरीचशी परतली. झोपलेल्या मुलाची परतली नाही.

मामाला मी त्याच संध्याकाळी ठाण्यात बोलावलं. तो एका फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशचं काम करायचा. तिशीतला, मेहनती माणूस. बहिणीचा नवरा वारल्यापासून तिचं घर तोच चालवत होता. गुन्हा केल्याचं ज्याला माहीत असतं तो कबुली देताना जमिनीकडे बघतो. हा थेट माझ्या डोळ्यांत बघून बोलत होता, कारण आपलं काही चुकलं असं त्याला वाटतच नव्हतं.

"स्पिरिट मी दिलं नाही, सार. देवाशपथ."

"मग काय दिलंस?"

"बिअर. दिवाळीला, पोंगलला. मित्र आले तर त्यांनाही थोडी. घरात, माझ्या समोर. बाहेर जाऊन वाईट संगतीला लागण्यापेक्षा बरं ना?"

मुलांच्या जबाबातून पुढचं कळलं. सुट्टीच्या दिवशी मामा परगावी, दुकानं बंद. भाच्याला कारखान्याची किल्ली कुठे असते ते ठाऊक होतं, कारण मामाचा डबा तोच पोचवायचा. तिथल्या कॅनमधलं पॉलिशचं स्पिरिट काढून त्यांनी शीतपेयात मिसळलं. हे विष आहे हे तुला कळलं कसं नाही, असं विचारल्यावर भाचा म्हणाला, "वास दारूसारखाच होता, सार."

मुलांना दिलेला शब्द मी पाळला. त्यासाठी वरिष्ठांचे लेखी ताशेरे सोसले. मामाला मात्र शब्द दिला नव्हता. अल्पवयीनांना दारू दिल्याचा गुन्हा नोंदवला आणि आरोपपत्र कोर्टात पाठवलं.

आरोपपत्र गेलं त्या दिवशी पहिल्या मुलाची आई ठाण्यात आली. सगळ्यांसमोर मराठीत म्हणाली, "आमचेच माणूस म्हणून पोराने हात धरिला तुमचा. तुम्ही आमच्याच भाषेने आमचे घर बुडविले."

माझ्याकडे उत्तर होतं. आंधळा झालेला मुलगाही कोणाच्या तरी घरचा होता. पण त्याऐवजी मी रायटरला तिच्यासाठी खुर्ची आणायला सांगितली. ती बसली नाही.

या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या. ती मुलं वीस तास गप्प राहिली, कारण त्यांना आंधळं होण्यापेक्षा आमची आणि शाळेची भीती जास्त वाटत होती. ती भीती आम्हीच कमावलेली होती. नंतर मी ठाण्याच्या हद्दीतल्या प्रत्येक शाळेत स्वतः जाऊन सांगितलं, कोणी काही प्यायलं, गोळी घेतली, तर पहिला फोन आम्हाला करा. आधी दवाखाना. केस नाही.

दुसरी गोष्ट कळायला उशीर लागला. आम्ही सगळे मुलांना भाषणं देत होतो. मोठ्यांना कोणी काही विचारत नव्हतं.

काही महिन्यांनी झोपलेल्या मुलाच्या गावच्या समाजमंदिरात पालकांची बैठक घेतली. दोनशे माणसं असतील. मी लिहून आणलेलं भाषण खिशातच ठेवलं आणि विचारलं, "लग्नात, सणाला, पास झाला म्हणून, गंमत म्हणून, इथे कोणी आपल्या घरच्या पोराच्या हातात कधी पेला दिला आहे?"

एकही हात वर आला नाही. लोक छताकडे, पायांकडे बघत होते. आंधळ्या मुलाचे वडील पहिल्या रांगेत बसले होते.

माझा मुलगा बारावी पास झाला त्या दिवशी मी त्याला अर्धा ग्लास बिअर दिली होती. अभिमानाने दिली होती. मामावर आरोपपत्र लिहितानाही मला ती आठवली होती आणि मी पान उलटलं होतं.

मी हात वर केला. तो तसाच धरून उभा राहिलो.  मग मागून एका म्हाताऱ्याने हात वर केला. नंतर आमच्याच एका हवालदाराने. त्यानंतर मी मोजले नाहीत.